सरकारी खर्चाने शिकून परदेशी स्थायिक होणाऱ्यांकडून शिक्षणाचा खर्च वसूल करावा का?

वाटाड्या

विकसनशील देशांतून डॉक्टर, नर्स, इंजिनिअर, संशोधक बाहेर जातात, त्यावर बोलताना नेहमी दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते, गरीब देशाने पोटाला चिमटा काढून माणूस घडवायचा आणि श्रीमंत देशाने तो आयता न्यायचा, ही लूट आहे. दुसरी म्हणते, कुठे काम करायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न, आणि तो घरी पैसे पाठवतोच की.

माझा कल पहिल्या बाजूला आहे. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सुचवलं होतं की श्रीमंत देशांत गेलेल्या कुशल लोकांच्या कमाईवर जादा कर लावावा आणि तो पैसा विकसनशील देशांसाठी वापरावा. पन्नास वर्षं उलटली, ते काही झालं नाही. माझं म्हणणं त्याहून साधं आहे. ज्याच्या व्यावसायिक शिक्षणावर सरकारचा पैसा लागला त्याने तेवढी वर्षं देशात सेवा द्यावी, नाहीतर पैसे भरून जावं, असा करार, म्हणजे बाँड.

विरोध असेल तर जरूर करा, पण यंत्रणा कशी चालेल आणि नेमकी कुठे अडकेल ते लिहा.

सदाफुली

चांगला विषय. रुमाल टाकून ठेवते, सवडीने लिहीन.

गणिती

आधी मोजमापाचं बघू, नाहीतर प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत राहील.

'किती गेले' आणि 'किती टक्के गेले' हे वेगवेगळे प्रश्न आहेत. भारतातून जाणाऱ्या पदवीधरांची संख्या प्रचंड दिसते, पण २००० सालच्या जनगणनांवरून काढलेल्या अंदाजात हे प्रमाण देशातल्या एकूण पदवीधरांच्या साधारण ४ टक्के होतं. त्याच अंदाजात गयाना, जमैका आणि हैती यांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं. भारताला सोसेल असं धोरण गयानाला कसं सोसेल? आणि उलटही तेच.

दुसरी गोष्ट, ही टक्केवारी निघते कशी? ज्या देशात लोक गेले तिथल्या जनगणनेतून २५ वर्षांवरचे, बाहेर जन्मलेले, पदवीधर एवढे वेचायचे. त्यात पाचव्या वर्षी आईबापांबरोबर गेलेली आणि तिकडेच शिकलेली मुलगीसुद्धा 'जमैकाची गेलेली पदवीधर' म्हणून धरली जाते. तिच्या पदवीवर जमैकाचा छदामही लागलेला नाही. अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक डॉकिये आणि सहकाऱ्यांनी पुढे प्रवेशाच्या वेळच्या वयानुसार हे आकडे दुरुस्त केले, तेव्हा ते खाली आले. छोट्या देशांचे मात्र तरीही चिंताजनकच राहिले.

वसुलीच करायची तर जन्मस्थान बघून उपयोग नाही, पहिली पदवी कुठली ते बघावं लागेल. डॉक्टर-नर्सच्या बाबतीत ही माहिती मिळते, कारण जिथे नोंदणी करायची तिथली परिषद ते विचारतेच. ओईसीडी ही प्रामुख्याने श्रीमंत देशांची संघटनासुद्धा 'परदेशात जन्मलेले' आणि 'परदेशात प्रशिक्षित' डॉक्टर वेगळे मोजते. इंजिनिअर, प्रोग्रॅमर यांची अशी सक्तीची नोंदणी बहुतेक देशांत नाही. म्हणजे तुमची योजना निम्म्या व्यवसायांना पहिल्याच पायरीवर लागू होत नाही.

शुश्रूषा

'सरकारी खर्चाने शिकून' हे गृहीतक सगळीकडे खरं नाही. नर्सेस पाठवण्यात सर्वांत पुढे असलेल्या फिलिपिन्समध्ये नर्सिंगचं बहुतेक शिक्षण खासगी कॉलेजांत आणि कुटुंबाच्या खर्चाने होतं. तिथे सरकार वसूल काय करणार?

त्याच देशातली दुसरी गोष्ट बघा. २००० नंतर अमेरिकेने परदेशी नर्सेससाठी दारं रुंद केली. त्या काळावर अबरकार आणि थिओहॅराइड्स यांनी केलेल्या अभ्यासात असं दिसलं की बाहेर गेलेल्या प्रत्येक नर्समागे देशात सुमारे नऊ जास्तीच्या नर्सेसना परवाना मिळाला. मुलींनी इतर शाखा सोडून नर्सिंग घेतलं, खासगी कॉलेजांनी जागा वाढवल्या. डोकी मोजली तर देश फायद्यात गेला.

पण वॉर्डात काय झालं ते डोकी मोजून कळत नाही. भरती करणाऱ्याला हवी असते दोन-तीन वर्षं अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह किंवा डायलिसिसचा अनुभव असलेली नर्स. नऊ नव्या मुली तिची जागा लगेच घेऊ शकत नाहीत.

एकच प्रसंग सांगते. रक्तदाब टिकवण्यासाठी रुग्णाला सिरिंज पंपावर (सिरिंजमधलं औषध ठरलेल्या वेगाने सोडणारं यंत्र) नॉरअॅड्रेनालिन चालू आहे. या औषधाचा परिणाम दोन-तीन मिनिटांत ओसरतो. सिरिंज संपत आली की अनुभवी नर्स दुसऱ्या पंपावर नवी सिरिंज आधीच सुरू करते, दोन्ही थोडा वेळ बरोबर चालू ठेवते, दाब किंचित चढायला लागला की जुनीचा वेग उतरवत बंद करते. नवशिकी अलार्म वाजायची वाट बघते. मग सिरिंज बदलणं, नळीतली हवा काढणं यात मिनिटं जातात आणि तोवर दाब कोसळलेला असतो. हे पुस्तकात आहे, पण हाताला वळण लागतं ते कुणीतरी शेजारी उभं राहून चार वेळा करवून घेतल्यावर.

आता धरा, पाळीला आठ नर्सेस आहेत, त्यातल्या तीन अनुभवी. एक अनुभवी नर्स एका वेळी एकाच नवशिकीला नीट शिकवू शकते. दोन अनुभवी गेल्या तर उरलेल्या एकीवर स्वतःचे रुग्ण, इतरांवर लक्ष आणि शिकवणं हे सगळं पडतं. पहिलं थांबतं ते शिकवणं. वर्षभराने कागदावर आठच्या आठ जागा भरलेल्या असतात, पण दर्जा घसरलेला असतो.

अनामिका_२

हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. वाचनखूण साठवली.

वाटाड्या

@शुश्रूषा, खासगी शिक्षणाचा मुद्दा मान्य. पण तुमच्याच उदाहरणावरून दिसतं की खरा खर्च कॉलेजच्या फीपेक्षा मोठा आहे. वॉर्डातली तीन वर्षं, शिकवणाऱ्या नर्सचा वेळ, हे रुग्णालयाने दिलेलं आहे. त्याची भरपाई नको का?

शुश्रूषा

भरपाई हवी, पण ती नर्सकडून का घ्यायची? फिलिपिन्सचं पुढचं ऐका. २००७च्या सुमारास अमेरिकी व्हिसा आटले. तोवर कॉलेजांतून मुलींचे लोंढे बाहेर पडत होते, परवाना परीक्षेत निम्म्याहून जास्त नापास होऊ लागले, २००६च्या जूनमध्ये तर पेपरच फुटला होता. पास झालेल्यांना नोकऱ्या नव्हत्या. मग 'अनुभव' मिळावा म्हणून मुली रुग्णालयांत बिनपगारी राबल्या, काही ठिकाणी तर उलट पैसे भरून. परदेशी मागणीची सगळी जोखीम विद्यार्थिनीने उचलली. त्यावर बाँड घालायचा म्हणजे तिलाच दुसऱ्यांदा पैसे मागायचे.

रानवाटा

बाँडबद्दल थायलंडचा अनुभव सर्वांत जुन्यांपैकी आहे. १९६०च्या दशकात तिथले नवे डॉक्टर मोठ्या संख्येने अमेरिकेला जात होते. सरकारने पदवीनंतर तीन वर्षं सरकारी सेवा सक्तीची केली, मोडल्यास ४ लाख बाट दंड. सुरुवातीला ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. पण आकडा तोच राहिला आणि पगार वाढत गेले. पुढे खासगी रुग्णालयांना तो दंड डॉक्टरच्या वतीने भरणं सहज परवडू लागलं.

बाँड फसतो त्या जागा ठरलेल्या आहेत:

रक्कम महागाईशी किंवा पगाराशी न जोडणं, ही पहिली. नेमणुकीचा आदेश वेळेवर न निघणं, ही दुसरी. डॉक्टर सेवा द्यायला तयार, पण पद रिकामं नाही किंवा फाइल अडकलेली, मग तो न्यायालयात जातो आणि जिंकतो. म्हणून करारात लिहायला हवं की निकालापासून अमुक दिवसांत नेमणूक दिली नाही तर बाँड आपोआप संपला. तिसरी, नेमणूक मिळते तिथे वरिष्ठ नसणं. एकटा नवा डॉक्टर, भूलतज्ज्ञ नाही, रक्तसाठा नाही. तीन वर्षं तो फक्त रुग्ण पुढे पाठवतो, काही शिकत नाही, आणि मुदत संपली की त्याच महिन्यात बाहेर पडतो. अशा वेळी बाँडने स्थलांतर थांबत नाही, तीन वर्षं पुढे ढकललं जातं इतकंच.

थायलंडने जोडीला आणखी एक केलं, त्याचा परिणाम जास्त टिकला. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून ग्रामीण भागातली मुलं निवडून, शेवटची वर्षं प्रांतातल्या रुग्णालयांत शिकवून, त्यांना तिकडेच नेमायला सुरुवात केली.

क्षितिजरेखा

मोझांबिकचं उदाहरण यायलाच हवं. स्वातंत्र्यानंतर डॉक्टर जवळजवळ उरलेच नव्हते. १९८४पासून तिथे डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचं तीन वर्षांचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात झाली: सिझेरियन, गर्भाशय फाटल्यास शस्त्रक्रिया, हर्निया, अपघातातल्या जखमा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिल्हा रुग्णालयांतल्या मोठ्या प्रसूती-शस्त्रक्रियांपैकी ९२ टक्के हेच लोक करत होते. नेमणुकीनंतर सात वर्षांनी त्यांच्यातले ८८ टक्के जिल्हा रुग्णालयांतच होते, डॉक्टरांपैकी एकही नव्हता.

ते टिकले याचं एक मोठं कारण, त्यांची पदविका बाहेरच्या देशांत चालत नाही. दंड नाही, न्यायालय नाही.

गणिती

@क्षितिजरेखा, आकडे बरोबर. पण 'बाहेर न चालणारी पदवी द्या' हे धोरण म्हणून मला खटकतं. त्या कर्मचाऱ्यांना बढतीची शिडी नसेल आणि पगार डॉक्टरच्या मानाने तुटपुंजा असेल, तर देशांतर्गतच दुसऱ्या कामाकडे वळतील. माणूस जागेवर आहे आणि त्याला जाता येत नाही म्हणून आहे, यावर आरोग्यव्यवस्था किती काळ उभी राहील?

क्षितिजरेखा

बढतीची शिडी हवीच. ती दिली तर हरकत नाही ना? बाळंतीण रात्री दोन वाजता अडली असताना टेबलाशी कोण उभं आहे, हा माझ्यासाठी पहिला प्रश्न आहे.

उंबरठा

सगळी चर्चा डॉक्टर-नर्सवर चालली आहे. संगणक क्षेत्रात चित्र बरंच वेगळं आहे.

अमेरिकेचा एच-१बी, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांचा व्हिसा, वर्षाला ६५,००० आणि तिथल्या पदव्युत्तरांसाठी आणखी २०,००० असा मर्यादित आहे. २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांत ही मर्यादा १,९५,००० होती. अमेरिकेला जायच्या आशेने भारतात कितीतरी जास्त मुलं संगणक शिकली. बहुतेकांना व्हिसा मिळाला नाही, काहींना मिळाला आणि सहा वर्षांची कमाल मुदत संपल्यावर ते परतले. गौरव खन्ना आणि निकोलस मोरालेस यांनी दाखवलंय की ही उरलेली आणि परतलेली माणसं भारतातल्या सॉफ्टवेअर उद्योगाच्या वाढीचं मोठं कारण ठरली, इतकं की पुढे तो उद्योग निर्यातीत अमेरिकेच्या पुढे गेला.

हे जमलं कारण सॉफ्टवेअरचं काम देशात बसून परदेशी ग्राहकाला विकता येतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची शुश्रूषा तशी विकता येत नाही. म्हणून एका क्षेत्राचा निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवू नये.

सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरचं शुल्क जाहीर केलं. एक सही झाली आणि दुसऱ्या देशातल्या लाखो मुलांचं शाखा निवडण्याचं गणित बदललं. शुश्रूषाताईंनी सांगितलेली जोखीम इथेही तीच आहे.

सदाफुली

रुमालाच्या जागी आता लिहिते. अगदी वरच्या थरातली माणसं मात्र वेगळी धरावी लागतील. २०१०च्या आयआयटी प्रवेश परीक्षेतले पहिले १,००० घेतले तर आठ वर्षांनी त्यातले ३६ टक्के परदेशात होते, पहिल्या १००पैकी ६२ टक्के. बहुतेक जण पुढच्या शिक्षणासाठी जातात आणि तिथेच राहतात. आशेने नवी मुलं तयार होतात हे प्रोग्रॅमरच्या बाबतीत खरं असेल, पण पीएचडीच्या मार्गदर्शकाची जागा रिकामी राहिली तर पुढची पिढी घडवणार कोण? हा वॉर्डातल्या अनुभवी नर्सचाच प्रश्न आहे.

तळटीप

अवांतर, पण उद्बोधक. अमेरिकेत जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर निवासी डॉक्टर म्हणून शिकायला गेलेल्यांना प्रशिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. हेतू हा की शिकलेलं मूळ देशाला मिळावं. पण तिथल्या डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करायची तयारी असेल तर ही अट माफ होते. कॉनरॅड ३० नावाच्या योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० शिफारशी करता येतात. ज्या देशाने डॉक्टर घडवला तिथेही टंचाईचे भाग आहेत, त्यांची बाजू मांडायला या प्रक्रियेत कुणाला खुर्चीच नाही. मूळ सरकारने ना-हरकत देण्याचा मार्ग इतरांसाठी आहे, पण निवासी डॉक्टरांना तो चालत नाही.

वाटाड्या

परत मूळ प्रश्नाकडे येऊ. बाँड फसतो, ठीक. मग भगवतींचा कर का नको? २००१ साली अमेरिकेतले भारतीय म्हणजे भारताच्या लोकसंख्येच्या जेमतेम ०.१ टक्का, पण त्यांची कमाई भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या १० टक्क्यांइतकी होती, असं देसाई, कपूर आणि मॅकहेल यांनी दाखवलंय. एवढा मोठा करदाता वर्ग बाहेर जातो आणि तिजोरीला काहीच नाही?

गणिती

कारण बहुतेक देशांत कर राहण्याच्या जागेवर लागतो, नागरिकत्वावर नाही. अमेरिका नागरिकांवर जगभर कर लावते, पण तिच्याकडे जगभरच्या बँकांकडून माहिती मागण्याची ताकद आहे. एरिट्रिया परदेशस्थांकडून २ टक्के घेतो. तो वसूल होतो दूतावासात, कागदपत्रं अडवून, आणि त्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०११मध्ये ठपका ठेवलाय. गयानाचा कर विभाग टोरंटोतल्या डॉक्टरचं उत्पन्न तपासणार कसं? तिकडच्या सरकारने गोळा करून दिला तरच शक्य आहे. त्यांनी तसं करायचं कारण काय?

आणि कर चुकवायचा सोपा उपाय म्हणजे नागरिकत्व सोडणं. मग पैसा पाठवणारा, गुंतवणूक करणारा, परत यायची शक्यता असलेला माणूसही गेला. भारताने १९९८मध्ये परदेशस्थ भारतीयांना रोखे विकून ४ अब्ज डॉलरहून अधिक उभे केले होते. तसं पुन्हा करायचं तर नातं शाबूत असावं लागतं.

उंबरठा

परत आणण्याबद्दल दोन ओळी. दक्षिण कोरियाने १९६६मध्ये केआयएसटी ही संशोधनसंस्था काढली आणि परदेशातल्या कोरियन शास्त्रज्ञांना विद्यापीठातल्या प्राध्यापकांहून कितीतरी जास्त पगार, घर आणि प्रयोगशाळा देऊन बोलावलं. तैवानने १९८०मध्ये शिंचू विज्ञान उद्यान उभारलं. मॉरिस चँग १९८५मध्ये तैवानला गेले, १९८७मध्ये टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी सुरू झाली. माणूस बोलावण्याआधी त्याला करायला काम तयार होतं.

मलेशियाने २०११पासून परतणाऱ्यांना पाच वर्षं १५ टक्के सपाट प्राप्तिकर दिला. ज्यांच्या हातात आधीच नोकरीचा देकार होता त्यांच्यावर चांगला परिणाम झाला. सवलतीमुळे बुडालेला कर परतलेल्यांच्या करातून जवळपास भरून निघाला.

रानवाटा

@वाटाड्या, पैसे कुणाकडून घ्यायचे याचं उत्तर माझ्या मते: नेणाऱ्याकडून, आणि आधी.

अर्थतज्ज्ञ मायकेल क्लेमेन्स यांनी मांडलेली रचना अशी. नेणारा देश किंवा मालक मूळ देशातल्याच कॉलेजात प्रशिक्षणाचा खर्च उचलतो. एकाच वर्गात दोन वाटा असतात. एकीतली मुलं भाषा आणि तिकडच्या नियमांचा जादा अभ्यास करून बाहेर जातात, दुसरीतली देशातच काम करतात. मूळ देशात शिकवणं बरंच स्वस्त पडतं, म्हणून नेणाऱ्यालाही परवडतं. मोरोक्को आणि बेल्जियम यांनी संगणक क्षेत्रात असा प्रयोग केला.

फसतं कुठे, तेही सांगतो. ऑस्ट्रेलियाने २००७मध्ये प्रशांत महासागरातल्या बेटांसाठी तंत्रशिक्षण संस्था काढली. उद्देश देशात आणि बाहेर दोन्हीकडे रोजगार असा होता. प्रमाणपत्र ऑस्ट्रेलियाच्या दर्जाचं मिळालं, पण बाहेर फारच थोडे जाऊ शकले, कारण व्हिसाची वाट कुणी बांधलीच नव्हती. म्हणून करारात सुरुवातीलाच तीन गोष्टी हव्यात: पदवीची मान्यता, व्हिसाची संख्या आणि देशात राहणाऱ्या वाटेचा खर्च कोण देणार ते.

तळटीप

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या परदेशी भरतीबद्दलची जागतिक आरोग्य संघटनेची २०१०ची आचारसंहिता याच दिशेची आहे. २०२३च्या यादीत ५५ देश आहेत जिथून सक्रिय भरती करू नये. पण संहिता ऐच्छिक आहे आणि पळवाट 'सक्रिय' या शब्दातच आहे. एजंटने मेळावा भरवला तर भरती, नर्सने स्वतः संकेतस्थळावर अर्ज केला तर नाही. नेणाऱ्या देशाच्या नोंदणीत दोन्ही अर्ज सारखेच दिसतात.

वाटाड्या

मग मी माझा प्रस्ताव असा मांडतो. दर नोंदणीमागे नेणाऱ्या मालकाने ठरावीक रक्कम मूळ देशाला द्यावी, अर्ज कुठल्याही मार्गाने आलेला असो. रकमेत पदवीचा सार्वजनिक खर्च आणि अनुभवाच्या वर्षांप्रमाणे भर. वसुली सोपी आहे. तिकडची परिषद मूळ परिषदेकडून सद्वर्तन प्रमाणपत्र मागवतेच, त्याच टप्प्यावर मालकाला मागणीपत्र जाईल. कर विभागाची गरज नाही.

शुश्रूषा

मागणीपत्र मालकाला जाऊ दे, पण प्रमाणपत्र अडवून ठेवू नका. ते अडलं की नर्स थांबत नाही, ती काळजीवाहक म्हणून जाते, शिकलेलं वापरायला मिळत नाही आणि पगारही कमी. तेव्हा दोघांचंही नुकसान. आणि मालक ही रक्कम तिच्या पगारातून कापणार नाही असं कलम करारात हवं. नाहीतर वरून मालकाचा, आतून तिचाच खर्च.

दुसरं, पैसा सरकारी तिजोरीत मिसळला तर वॉर्डापर्यंत येत नाही. मलावीत २००४पासून परदेशी मदतीतून आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अकरा संवर्गांना पगारावर ५२ टक्के भर दिली आणि प्रशिक्षणाच्या जागा वाढवल्या. कर्मचारी वाढले, पण मदत आटली की पुढे काय हा प्रश्न कायम राहिला. मी तर हा पैसा एकाच गोष्टीला बांधीन: वॉर्डात शिकवणाऱ्या नर्सेसची स्वतंत्र पदं. तिच्याकडे रुग्ण द्यायचे नाहीत, फक्त नवशिक्या. ज्या रुग्णालयातून माणूस गेला, त्याच रुग्णालयात.

गणिती

त्याच रुग्णालयात, हे बरोबर. पण खासगी रुग्णालयातून गेली तर? तिथे सार्वजनिक पैसा कसा देणार?

शुश्रूषा

त्या रुग्णालयात नर्सिंग विद्यार्थिनींना प्रात्यक्षिकासाठी घेत असतील तर द्यावा, नसतील तर जिल्ह्यातल्या शिकवणाऱ्या सरकारी रुग्णालयाला. आणि जाण्याआधी तीन महिन्यांची सूचना सक्तीची हवी, म्हणजे तिच्या हाताखाली निदान एक जण तयार होईल.

रानवाटा

तीन महिने मालक थांबतील? त्यांच्या नियुक्तीपत्रात रुजू होण्याची तारीख आधीच छापलेली असते.

शुश्रूषा

भाषेची परीक्षा, नोंदणी, व्हिसा यात महिनोन् महिने जातातच. सूचना प्रमाणपत्राच्या अर्जाच्या दिवसापासून धरायची, राजीनाम्याच्या दिवसापासून नाही. मग कुणाचाच दिवस वाया जात नाही.